लिंबांवरून उधळलेली गाडी

ती घटना अजून डोक्यातून जात नाही, याचं एक कारण म्हणजे तिच्या तपासात पोलीस ठाण्याच्या फाटकाला धडक देणारा माणूस मीच होतो. तेहतीस वर्षांच्या नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले. पण घरी नातेवाईक जमले की खुनाची गोष्ट कुणालाच नको असते. सगळ्यांना फाटक हवं असतं.

तेव्हा मी सोलापूरजवळच्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. निवृत्ती जवळ आलेली, गुडघे कुरकुरणारे, बंदोबस्तांनी जीव मेटाकुटीला आलेला. एका दुपारी ठाणे अंमलदार आत येऊन म्हणाले, "सर, मोहोळ रस्त्यावरच्या देवळापाशी अपघात. नवी गाडी नारळवाल्यावर गेली."

आमच्याकडे नवी गाडी आधी देवळात जाते, मग घरी. हार घालायचा, नारळ फोडायचा, चाकांखाली लिंबं ठेवायची आणि गाडी हळूच त्यांच्यावरून पुढे घ्यायची. ही गाडी हळूच गेली नाही. लिंबं चिरडून ती थेट समोरच्या नारळाच्या टपरीत घुसली. नारळवाल्याचा पाय मांडीत मोडला.

गाडी सांगोल्याकडच्या एका डाळिंब बागायतदाराची. बरोबर त्यांची पत्नी आणि ड्रायव्हर. ड्रायव्हर चाळिशी ओलांडलेला, वीस वर्षं त्यांच्याकडेच कामाला. मी तोंड उघडायच्या आधीच तो म्हणाला, "मीच चालवत हुतो, सायेब. पाय नुसता टेकवला आन् गाडी उधळली. पेडल लई हलकं हाय."

लोकांनीही त्यालाच ड्रायव्हरच्या सीटवरून उतरताना पाहिलं होतं. बागायतदार मान खाली घालून उभे होते. त्यांची पत्नी देवळाच्या पायरीवर बसली होती, तोंडाला पदर लावून. घाबरली असेल, असं मी धरून चाललो. आरोपी स्वतःच कबूल करतो अशी केस म्हणजे आम्हाला निम्मी सुटीच. पंचनामा केला, निष्काळजीपणे गाडी चालवून गंभीर दुखापत केल्याचा गुन्हा दाखल केला, लायसन ताब्यात घेतलं.

आता गाडी ठाण्यात न्यायची होती. हवालदार म्हणाले, "सर, ही ऑटोमॅटिक. मी हात लावणार नाही." मी आयुष्यभर सरकारी जीप चालवलेली. तिच्या ॲक्सिलरेटरवर उभं राहिलं तरी ती विचार करून पुढे जायची. त्याच हिशेबाने इथे पाय ठेवला, आणि माझी टोपी मागच्या सीटवर गेली. मागे हवालदाराबरोबर ड्रायव्हर बसला होता. त्याने टोपी झटकून पुढे दिली आणि अगदी हळू आवाजात सांगितलं, "सायेब, टाच खाली टेकवून ठिवा. नुसता चवडा हलवा. पाय उचलायचाच न्हाय."

मी म्हटलं, "तू गप्प बस. तू आरोपी आहेस."

ठाण्याच्या फाटकात उंचवटा आहे. तिथे गाडी अडली म्हणून मी जरासा पाय दाबला. मुद्देमालाच्या बंपरला आणखी एक पोचा आला आणि फाटकाचा एक पल्ला वाकून आत गेला. स्टेशन डायरीत नोंद झाली, 'फाटकास किरकोळ नुकसान'. कुणामुळे, ते हवालदारांनी माझ्या वयाकडे बघून लिहिलं नाही.

मोटार वाहन निरीक्षकांनी गाडी तपासली. "दोष काही नाही. पेडल हलकंच असतं या गाड्यांचं. सवय होईपर्यंत जपून चालवायचं." ड्रायव्हर जामिनावर सुटला. दोषारोपपत्र तयार करायचं, एवढंच राहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी देवळासमोर फुलं विकणारी म्हातारी पाटी घेऊनच ठाण्यात आली.

"सायेब, त्या डायवरला कशापायी धरलंय? त्यो तर पुजेचं ताट धरून बाजूला हुभा हुता की."

"मग गाडीत कोण होतं?"

"ते न्हाय बा दिसलं. काचा काळ्या. माझी नदर ताटावर. माझीच फुलं हुती त्यात."

"आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी कुटं इचारलं? तुमी पुरुषमाणसांनाच इचारत हुता."

हे खरं होतं. ड्रायव्हरला बोलावून समोर बसवलं.

"ताट कुणाच्या हातात होतं?"

"देवळातच ठिवलं हुतं."

"म्हातारी सांगते, तुझ्या हातात होतं."

"तिला दिसत न्हाय नीट."

"मला टाच टेकवायला शिकवलंस. मग त्या वेळी तुझी टाच कुठे गेली होती?"

तो म्हणाला, "चुकलं सायेब. माणूस चुकतोच की." दोन तास तेच. मी आवाज चढवला, उतरवला, चहा दिला, काढून घेतला. त्याच्या वाक्यात फरक पडला नाही. खोटं बोलणारा माणूस सहसा तपशील वाढवत जातो. हा काहीच वाढवत नव्हता.

वैतागून कागद घरी नेले. जेवणाच्या ताटाशेजारी पंचनामा वाचत होतो, तेव्हा पत्नीने डोकावून एका ओळीवर बोट ठेवलं. 'चिरडलेल्या लिंबांलगत उजव्या बाजूस बायकी चपलांचा एक जोड, बेवारस.'

"ह्या कुणाच्या?"

"देवळाबाहेर चपलांना काय तोटा? असतील कुणाच्याही."

"अहो, नव्या गाडीत बाई चपला काढून चढते. मी नव्हते का तुमच्या त्या जुन्या गाडीतसुद्धा पहिले आठ दिवस अनवाणी बसत? आणि ज्या दाराने चढणार, त्याच दाराशी काढणार ना?"

उजवं दार ड्रायव्हरचं. ड्रायव्हरच्या पायात तर अटकेच्या वेळी बूट होते, तेही मीच लिहून घेतलं होतं. मी भाजीत भाकरी कुस्करत राहिलो.

दुसऱ्या दिवशी महिला शिपायाला घेऊन बागायतदारांच्या घरी गेलो. चपला पिशवीतून काढून ओट्यावर ठेवल्या. बागायतदार काही बोलणार, तेवढ्यात त्यांची पत्नी दारात आली.

"माज्या हायत त्या."

"तू आत जा," बागायतदार म्हणाले.

"चार दिस आतच हाय की मी."

ती उंबऱ्यावर बसली आणि सगळं सांगून टाकलं. "हे म्हणाले, घरच्या लक्ष्मीच्या पायानं गाडी लिंबावरनं जाऊ दे. आपोआप चालती, नुसता पाय ठिव. मला कुटलं पेडल ठावं, सायेब? शिलाई मशीनचं. मी तसंच दाबलं, दोनी पायांनी. गाडी थांबंना म्हणून आनखी जोरात दाबलं." धडक बसल्यावर लोक नारळवाल्याकडे धावले, तेवढ्यात ड्रायव्हरने धावत येऊन तिला बाहेर ओढलं, स्वतः आत बसून गाडी मागे घेतली आणि उतरला. लोकांनी पाहिलं ते हे उतरणं. 'मीच हुतो म्हणून सांगतो' असं तो म्हणाला, आणि बागायतदार नको म्हणाले नाहीत.

बाईवर गुन्हा लागला. लायसन नसलेल्या माणसाच्या हाती गाडी दिल्याबद्दल बागायतदारांवरही. तिने कोर्टात सगळं कबूल केलं, दंड झाला. ड्रायव्हरचं नाव निघालं. मला वाटलं होतं, तो पाया पडेल. तो ठाण्यात येऊन माझ्यावरच उखडला.

"काय मिळवलं सायेब तुमी? अक्कांनी माज्या पोरीची दोन बाळंतपणं केली. त्यांना कोर्टात हुबं केलंत. मला काय फाशी हुणार हुती का?"

"लायसन गेलं असतं तुझं. पोट त्याच्यावर आहे ना?"

"माजं हुतं ना ते? तुमचं तर न्हवतं?"

थोड्याच दिवसांत बागायतदारांनी त्याला कामावरून काढलं. हे सांगायला बाईच ठाण्यात आली. "त्याला परत बोलवा म्हणून ह्यांना तुमीच सांगा. तुमचं ऐकतील." मी गेलो. बागायतदार सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "साहेब, तो माझ्यासाठी तुरुंगात जायला निघाला आणि मी गप्प राहिलो. आता रोज सकाळी त्याच्या शेजारी कसा बसू?" चहा पिऊन परत आलो.

नोकरीत मी पुष्कळांना खरं बोलायला लावलं आणि दर वेळी फाईल बंद करून घरी जेवायला गेलो. त्यानंतर त्या घरांत काय होतं, हे बघायला गेलो तो एवढा एकदाच, तेही एका बाईने पाठवलं म्हणून. या केसने मला शिकवलं ते इतकंच, आणि तेही इतक्या उशिरा की त्याचा कुणाला उपयोग व्हायला नोकरीच उरली नव्हती.

लायसन परत न्यायला ड्रायव्हर शेवटचा आला. दरम्यान त्याला पाण्याच्या टँकरवर काम मिळालं होतं. मी रजिस्टर पुढे केलं, त्याने सही केली. लायसन न बघताच खिशात टाकलं आणि दारातून मागे वळून विचारलं, "अक्का नीट जेवत्यात का, सायेब?"

मी त्यांच्या घरी जाऊन आलो होतो. हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.