नरसम्माचं मराठी

हे मी आजवर कुणापुढे बोलले नाही. नवऱ्यापुढे नाही, सख्ख्या बहिणीपुढे नाही – आणि जिला सांगायला हवं होतं, तिच्यापुढे तर नाहीच. तुम्हाला सांगते.

नरसम्मा माझी मैत्रीण. सोलापुरात मुलींच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. माझ्या डब्यातली शेंगांची चटणी ती खायची, तिचा चिंचेचा भात मी. तिच्या घरी हातमाग होते आणि बोलणं सगळं तेलुगूत. मराठी तिनं गल्लीत आणि शाळेत उचललेलं. पण नवा शब्द मिळाला की दिवसभर तोंडात घोळवायची, खडीसाखरेसारखा.

शाळेत शोधांवरचं एक जाडजूड पुस्तक होतं. छापखाना, वाफेचं इंजिन, शिवणयंत्र. तळ्याच्या पायऱ्यांवर बसून आम्ही ते वाचायचो. प्रत्येक यंत्रापाशी ती थांबायची आणि विचारायची, याच्या आधी लोक काय करत होते गं? मला हा प्रश्न कधी सुचला नाही. सुचला असता तर – पण ते राहू दे.

बाईंनी निबंध घातला: यंत्रांनी माणसाचे हित झाले की अहित? वाद मांडायला लागणारे भारदस्त शब्दही दिले. यास्तव, किंबहुना, तथापि, निष्कर्ष. नरसम्मा तापानं घरी होती. मी तिच्या उशाशी बसून ते शिकवले. 'तथापि'चा अर्थ बाई सांगत होत्या तेव्हा माझं लक्ष खिडकीबाहेर होतं. मला येत नाही, असं म्हणायची लाज वाटली. 'तथापि म्हणजे म्हणून,' मी ठोकून दिलं.

एवढंच असतं तर मी आज बोलले नसते. अज्ञानाला कोण काय म्हणणार?

पुढे बाईंनी माझ्याच निबंधात तो शब्द खोडला आणि सांगितलं, तथापि म्हणजे तरीसुद्धा. त्याच संध्याकाळी नरसम्मानं, तापामुळे बाईंना दाखवायचा राहिलेला, आपला निबंध मला वाचून दाखवला. तो मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यावर होता. आजोबा धोटा हातानं फेकायचे, वडील दोरी ओढतात आणि तो धावतो, एवढ्यानं घरातलं जगणं कसं बदललं त्यावर. माझ्या निबंधात नुसते भारदस्त शब्द होते. तिच्या निबंधात माणसं होती. आणि जागोजागी तो चुकलेला तथापि.

एक वाक्य बोलायचं होतं मला. मी म्हटलं, 'छान झालाय.'

स्पर्धेच्या दिवशी शाळेच्या दिवाणखान्यात आम्ही पाहुण्यांपुढे निबंध वाचले. नरसम्मा खणखणीत वाचत होती – 'दोरी ओढली की धोटा आपोआप धावतो. तथापि माझ्या वडिलांचे श्रम कमी झाले आहेत.' मुली खुदखुदल्या. पुढच्या तथापिला पाहुणेही हसले. आपण काय चुकलो ते तिला कळेना, तरी ती शेवटपर्यंत वाचत राहिली. परीक्षक मायेनंच म्हणाले की विचार उत्तम आहेत, पण घरी तेलुगू, तेव्हा मराठी कच्चंच राहायचं. बक्षीस मला मिळालं.

घरी जाताना तिनं विचारलं, 'शांते, तू तथापि म्हणजे म्हणून असंच सांगितलं होतंस ना गं?'

'मी? छे. तूच चुकीचं ऐकलं असशील.'

ती थोडं चालली. मग म्हणाली, 'असंल की. तापात डोकं कुटं ठिकाणावर होतं.' आणि तिनं माझ्या हातात हात घातला. माझ्या बक्षिसाचा तिला खरंच आनंद झाला होता. हे कसं सोसायचं, सांगा?

तिला मास्तरीण व्हायचं होतं. त्यानंतर ते नाव तिनं काढलं नाही. ज्यांचं मराठी पक्कं त्यांनी शिकवावं, म्हणायची. ती लग्न करून मागाच्या घरात गेली, मी मास्तरीण झाले. माझ्या प्रत्येक बाळंतपणात तिनं डबे पाठवले. बोलायला मला उभं आयुष्य मिळालं – आणि मी गप्प राहिले.

पुढे तिची थोरली मुलगी माझ्या वर्गात आली. पोहोचवायला नरसम्मा स्वतः आली होती. दारातच थांबली, आत आली नाही.

'हिला तुझ्यासारखं मराठी शिकव,' ती म्हणाली. 'माझ्यासारखं नको.'

मी 'बरं' म्हणाले, आणि पोरीला आत घेतलं.