वहिनींसाठी राखून ठेवलेलं कार्ड

सरकारी आरोग्य योजना चांगली की वाईट, यावर वाद घालायला महाडात माणसांची कमी नाही. एसटी डेपोबाहेर चहा पिता पिता एक म्हणतो, गरिबाचं कल्याण झालं. दुसरा म्हणतो, सगळी धूळफेक. मी दोघांचंही ऐकते आणि भाजी घेऊन घरी येते. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं मी, आणि त्या योजनेच्या कार्डाचं गणित माझ्याच माणसांच्या बाबतीत चुकवलं. त्यामुळे हा विषय निघाला की मला राग येतो. कुणावर काढायचा ते अजून ठरलेलं नाही.

माझा थोरला भाऊ पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत राहतो. मुलगी लग्न होऊन ठाण्याला गेली. घरात दादा आणि वहिनी, दोघंच. ग्रामपंचायतीत कार्डांचं शिबिर लागलं तेव्हा मीच त्यांना घेऊन गेले. दादाचा अंगठा काही मशीनवर उमटेना. कोयता धरून धरून बोटांच्या रेषाच झिजलेल्या. शेवटी डोळ्याचं मशीन लावलं, तर ह्याने डोळा गच्च मिटून घेतला. "उघड रे बाबा, काढून नाही घेत कुणी," असं मी तीनदा ओरडले तेव्हा कुठे काम झालं. मशीनवरच्या मुलाने सांगितलं, एका कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत. दादाने ते दोनदा विचारून खात्री करून घेतली.

आमच्याकडे भात झोडलं की आधी पुढल्या वर्षाचं बियाणं बाजूला काढतात. पेंढ्याच्या मुडीत आवळून बांधतात आणि माळ्यावर ठेवतात. घरातला तांदूळ संपो, पाहुण्यांनी घर भरो, त्या मुडीला हात लावायचा नाही. दादाने कार्डही त्याच हिशेबात धरलं. हे मला तेव्हा कळलं नाही.

पुढच्या माघात त्याच्या छातीत भरून यायला लागलं. वाडीची चढण चढताना दोनदा बसायला लागायचं. मी त्याला महाडला डॉक्टरांकडे आणलं. त्यांनी कार्डिओग्राम काढला आणि सरळ सांगितलं, हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा दिसतोय, पनवेलच्या बाजूला मोठ्या रुग्णालयात जा, कार्डावर होईल, पण दिवस घालवू नका.

बाहेर येऊन दादा चप्पल घालता घालता म्हणाला, "ते कार्ड मी तुझ्या वयनीसाठी ठेवलंय गो."

"म्हणजे?"

"तिचं पिशवीचं आप्रेशन ऱ्हायलंय. माझ्यावरच सगळं खर्चलं तर तिला काय? यंदा नाय वापरलं तर पुढल्या साली पाचाचे धा व्हतील. मग दोघांचं एकदम करू."

पाच आणि पाच दहा. मी मनातल्या मनात बेरीज केली, ती बरोबर आली, आणि मी गप्प बसले. पोस्टात दरमहा रिकरिंग भरणारी बाई मी. ठेवलेलं वाढतं, यापुढे माझंही डोकं चाललं नाही. कार्डाबरोबर मिळालेला माहितीचा कागद माझ्या कपाटात होता. मुलांच्या वहीतला एकेक हातचा तपासायचे मी, पण तो कागद काही उघडून बघितला नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्याने जरा बरं वाटत होतं, आणि तेवढ्यावर आम्ही भागवलं.

वहिनींना त्याआधीच डॉक्टरांनी गर्भपिशवी काढायला सांगितलं होतं. अंगावरून सारखं जाऊन त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. विचारलं की म्हणायच्या, "लावणी होऊ दे, वन्सं." लावणी झाली की, "कापणी होऊ दे." वहिनी भातासाठी थांबल्या आणि दादा वहिनींसाठी. असं ते वर्ष गेलं.

त्यापुढच्या वर्षीच्या वैशाखात, भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पसरून राब भाजताना दादा शेतातच खाली बसला तो उठेना. वाडीतल्या माणसांनी त्याला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणलं. पोलादपूरच्या सरकारी दवाखान्यात इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला आणि रुग्णवाहिकेतून पुढे पाठवलं. महाडच्या फाट्यावर मी उभीच होते. आमच्या गल्लीतले चाचा, ज्यांचा ट्रकांचा धंदा आहे, त्यांनी आपली जीप काढली होती. रुग्णवाहिकेत एकालाच बसू देत होते, म्हणून वहिनी आत आणि आम्ही मागे. माणगावच्या गर्दीत रुग्णवाहिका अडकली तेव्हा चाचा खाली उतरले आणि समोरच्या गाड्यांना अक्षरशः शिव्या घालत वाट करून दिली. एरवी ते कधी आवाज चढवत नाहीत.

खोटं का बोलू, पनवेलला त्याला चांगलं बघितलं. त्याच संध्याकाळी अँजिओप्लास्टी झाली. बाहेरून आणायची काही औषधं, आमचं राहणं-खाणं, येणं-जाणं आम्ही केलं, पण ऑपरेशनसाठी कुणी एक रुपया मागितला नाही. कार्ड नसतं तर शेत विकावं लागलं असतं. डेपोवरच्या त्या धूळफेकवाल्याला मी हे ऐकवीन कधीतरी. आणि दुसऱ्याला हे ऐकवीन, की तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, जीव वाचला, पण हृदयाचा एक भाग कायमचा दुबळा झालाय. आधी आले असते तर एवढं झालं नसतं. आता चढण नाही, शेतकाम नाही.

घरी सोडायच्या दिवशी मी योजनेच्या टेबलापाशी गेले. तिथे मदतीला बसवलेली आरोग्यमित्र म्हणजे विशीतली मुलगी होती. मी विचारलं, "मागच्या वर्षीचे धरून आता किती शिल्लक राहिले?"

"मागच्या वर्षीचे नसतात, मॅडम. वर्ष संपलं की ते संपले. नव्या वर्षी पुन्हा नवे पाच."

"आणि घरातल्या दोघांची ऑपरेशन्स करायची असती तर?"

तिने वहिनींचा आजार विचारला, कम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाली, "गेल्याच वर्षी दोघांचं झालं असतं. तरी पैसे उरले असते."

मी तिथल्या बाकावर बसले. मला रडू आलं नाही, लाज वाटली. इतकी की पाणी प्यायला उठायलाही मला पाच मिनिटं लागली.

शेत यंदा चुलतभावाने केलं. परवा वाडीवर गेले तेव्हा दादा पडवीत बसून त्याला लांबून सूचना देत होता आणि तो ऐकत नव्हता. थोड्या वेळाने दादाने विचारलं, "बाय, आपले मागल्या सालचे पाच कुठं गेले गो?"

मी सगळं सांगितलं. माझ्या कपाटातला कागदसुद्धा सांगितला. "म्हंजी तिचंबी झालं असतं," एवढंच दादा म्हणाला. स्वतःबद्दल अवाक्षर नाही. मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी उठून चुलीपाशी गेले. "वहिनी, सोमवारी चाचांची गाडी येईल. पनवेलला जायचं, तुमचं उरकून टाकायचं."

वहिनी भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नको, वन्सं. ह्यांना परत काय झालं तर? ह्या सालचे ऱ्हाऊ देत शिल्लक."

माझा पारा चढला. आता तोंड उघडणार, तोच पडवीतून दादाचा आवाज आला. त्याला मोठ्याने बोलायला डॉक्टरांनी मनाई केली आहे.

"जा गो तू," तो ओरडला. "माझ्यासाठी काय ठेवू नको."