टाकून दिलेल्या द्राक्षांचं पिंप

माझ्या मामाला सगळा मळा ‘थांबा’ म्हणतो. बाकीच्यांची तोडणी उरकली, कात्र्या धुऊन खुंटीला लागल्या, तरी शेवटच्या चार ओळींपुढे उभा राहून हा माणूस म्हणतो, थांबा. कशासाठी? तर द्राक्षांना बुरशी लागावी म्हणून. सकाळचं धुकं आणि दुपारचं ऊन नीट जुळून आलं, तर दाण्यांवर राखेसारखी बुरशी चढते, दाणे सुरकुततात आणि आतला रस मधासारखा घट्ट होतो. त्याची गोड वाइन होते. जुळून आलं नाही, तर नुसता आंबट चिखल. गेली तीन वर्षं चिखलच झाला होता.

आणि या माणसाच्या नशिबी बायको कोण, तर माझी मामी. पावाच्या कोपऱ्यावर एक हिरवा ठिपका दिसला, तर ती अख्खा पाव फेकते आणि वर कपाट धुते. वीस वर्षांत तिनं त्या चार ओळींत पाऊल टाकलं नव्हतं. सडण्याची वाट बघणारा नवरा पदरी पडलाय, हे ती पाहुण्यांनाही चहाबरोबर ऐकवते.

यंदा मळ्याच्या मालकानं स्पष्ट सांगून टाकलं. एक पिंप तरी चांगलं निघालं पाहिजे, नाहीतर त्या ओळी उपटायच्या. त्या वेली मामानं स्वतःच्या हातानं लावल्या होत्या. त्याचं जेवण सुटलं.

बुरशी मात्र यंदा मनासारखी धरली. आणि तोडणीच्या आदल्या दिवशीच मामा तळघराच्या पायरीवरून घसरला. पाय प्लास्टरमध्ये, मजूर केव्हाच पांगलेले, आणि परवा पाऊस येणार होता. मी पडले शाळेतली बाई, मला द्राक्षं फक्त खाता येतात. शिवाय मामाला पलंगावर दाबून ठेवायला कुणीतरी हवंच होतं. शेवटी मामी तिच्या दोन बहिणींना घेऊन निघाली. त्याही तिच्याच वळणाच्या. मामानं कानीकपाळी ओरडून सांगितलं की बुरशीनं सुरकुतलेला दाणा आणायचा, आंबलेला टाकायचा, चांगला वेलीवर ठेवायचा. मामीनं मान डोलावली. लक्ष सगळं रबरी हातमोज्यांकडे होतं.

संध्याकाळी तिनं टोपलीभर द्राक्षं त्याच्या पुढ्यात ठेवली. टपोरी, धुऊन पुसलेली. मामाच्या तोंडचं पाणी पळालं.

“आणि बाकीची?”

“टाकली. कचऱ्याच्या ड्रममध्ये.”

मामा एका पायावर अंगणात गेला, मागून मी कुबडी घेऊन. तीन ड्रम काठोकाठ भरलेले होते. त्यानं कोपरापर्यंत हात घातला. वरपासून खालपर्यंत राखाडी, सुरकुतलेले दाणे, त्यांत चांगला एकही नाही. वास घेतला, तर आंबटपणाचा मागमूस नाही.

“आंबलेले कुठे गेले?” त्यानं विचारलं.

“ते लांब पुरले. कचऱ्यातसुद्धा काही शिस्त असते की नाही?”

ड्रमही तिनं आधी उकळत्या पाण्यानं धुऊन घेतले होते. मामा तिथेच पायरीवर बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मीही हसले, पण मला रडूच जास्त येत होतं. मामी बिचारी दोघांकडे बघत राहिली.

त्या ड्रममधल्या दाण्यांच्या रसाचं पिंप मुरल्यावर मालक चाखायला आला. पहिला घोट घेतला आणि न विचारताच पेला पुन्हा पुढे केला. चार ओळी राहतील म्हणाला. इतकी चोख निवड त्यानं उभ्या जन्मात पाहिली नव्हती. कुणी केली, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. मामाला ‘मी’ म्हणता आलं असतं.

“माझ्या बायकोनं,” मामा म्हणाला. “तिनं हे सगळं टाकून दिलं होतं.”

मामीनं पेला आधी स्वतः विसळून घेतला, डोळे मिटले आणि एक घोट घेतला.

“गोड झालीय,” ती हळूच म्हणाली. “पण अहो, कशाची केलीय ते माझ्या बहिणींना सांगू नका.”