गौरी पत्र वाचत होती आणि दारात तिचे बाबा

मंडळी, आज माझ्या शिकवणीत काय झालं ते ऐका.

संध्याकाळी घरी दहावीच्या पोरींना अनौपचारिक पत्र शिकवत होते. सगळ्यांचं एकच, मैत्रिणीला वाढदिवसाच्या शुभेच्छा! म्हटलं, "अगं बायांनो, तोंडानं बोलायला जमत नाही ते लिहा, अन् मोठ्यानं वाचा."

गौरी उठली. "तीर्थरूप बाबा, रविवारी मला बघायला पाहुणे येणार आहेत. त्यांना नको म्हणा. मला शिकायचंय."

तेवढ्यात दारात तिचे बाबा! चिंचोळी एमआयडीसीतली पाळी संपवून तिला न्यायला आलेले. सगळं ऐकलेलं.

मी घाईनं पुढं झाले. म्हटलं, "बस गं बाळा." ती बसली नाही. शेवटच्या नमस्कारापर्यंत वाचलं तिनं.

बाबा चटईवर टेकले. "अक्का, एक कागद द्या की. पत्र आलंय, उत्तर द्याया नको व्हय?"

दोन ओळी लिहून त्यांनी कागद लेकीकडं सरकवला. गौरीनं वाचलं, "रविवारी कुणी येणार न्हाय. तू शीक."

डोळे पुसत म्हणते कशी, "बाबा, मायना राहिला की!"

तुमच्या घरात असं कुणाला लिहायचं राहून गेलंय?