मुलाला मासे आवडत नाहीत

दुसऱ्याच्या तोंडून आलेल्या एकाही शब्दावर विश्वास न ठेवणारी मराठवाड्यातली एकमेव बाई म्हणजे माझी आत्या. उद्या पाणी सुटणार असं पेपरात छापून आलं, तरी ती नळाला कान लावून खात्री करून घ्यायची. लातूरच्या सरकारी दवाखान्यात तिची नर्स म्हणून नोकरी झाली आणि ही खोड तिथलीच. “आजार पेशंटच्या तोंडून ऐकायचा, नातेवाइकाच्या न्हाई. नवरा सांगतो पोट दुखतंय, आन् बाईचं दुखत असतंय भलतंच.” निलंग्याकडून कानडी बोलणारे पेशंट यायचे, देगलूर-बिलोलीकडून तेलुगू. दुभाष्याला बाजूला सारून आत्या खाटेवर वाकायची आणि पेशंटच्याच भाषेत विचारायची, “कुठं दुखतंय?” एवढं एक वाक्य तिला चार भाषांत येत होतं आणि त्यावर तिनं अख्खी नोकरी काढली.

पाचवी भाषा तिला निवृत्तीनंतर लागली. तिचा एकुलता एक मुलगा, माझा आत्येभाऊ, नॉर्वेत नोकरीला गेला, तिथल्याच मुलीशी त्यानं नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. आत्यानं ते आनंदानं मान्य केलं. दोन वर्षांत परत येतो, असा त्याचा शब्द होता, म्हणून तिनं घरावर त्या दोघांसाठी खोलीही बांधायला काढली. पण एकदा व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता दादा मान वळवून बायकोशी काहीतरी बोलला आणि दोघं हसली. “काय म्हणाला रे?” आत्यानं विचारलं. “काही नाही गं आई,” दादा म्हणाला. फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, “काही न्हाई, असं माणूस काहीतरी असल्यावरच म्हणतंय. पोरगं ज्या भाषेत हसतंय, ती आईला यायला पाहिजे.”

मी तेव्हा नांदेडहून लातूरला शिकायला आले होते आणि तिच्याकडेच राहत होते. मी फारशी कुणाशी बोलत नाही. इंग्रजी शाळेत गेल्यामुळे इंग्रजीत गप्प बसते, मराठीतही बसते. पण आत्यानं मला वर्गमैत्रीण म्हणून भरती करून घेतलं. “तुला इंग्लिश येतंय न्हवं? मग ही त्याचीच चुलत बहीण दिसतीय.” माझ्या मोबाइलवर एक ॲप उतरवलं आणि अभ्यास सुरू झाला, औषधासारखा: पाच शब्द सकाळी, पाच दुपारी, जेवणानंतर. दादाला कळू द्यायचं नाही, अशी सक्त ताकीद होती.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. लातूरला पिण्याचं पाणी रेल्वेनं येत होतं. दादाची खोली भिंतींपर्यंत येऊन थांबली होती, कारण स्लॅबवर मारायला पाणी कुठून आणणार? टँकरच्या रांगेत माणसं घागरी मांडून उदगीरच्या नव्या जिल्ह्यावर भांडायची आणि त्यांच्यात आत्या कानाला हेडफोन लावून पुटपुटत उभी असायची: “गुत्तन लीकर इक्के फिस्क.” मुलाला मासे आवडत नाहीत. ॲपमधली वाक्यं अशीच निरुपयोगी असत. शेजारचे काका एकदा कळवळून म्हणाले, “सिस्टर, नवा जिल्हा झाला तर उदगीर आपल्यापासून तुटंल ओ!” आत्यानं एका कानातलं काढलं. “ब्याऐंशी साली मी उस्मानाबाद जिल्ह्यात निजले आन् लातूर जिल्ह्यात उठले. खाट जाग्यावरच होती. रेघ ओढल्यानं माणूस लांब जात नसतंय. घागर सरकवा.”

चिकटपट्टीचे तुकडे कापून तिनं घरातल्या वस्तूंवर नॉर्वेजियन नावं देवनागरीत लिहून लावली. रोज ती तिकडच्या हवामानाच्या बातम्या लावायची. पाऊस आणि बर्फ हे शब्द तिला सगळ्यांत आधी पाठ झाले. ऐकताना ती डोळे मिटून घ्यायची, जणू थोडा पाऊस कानातून आत येईल. “कुठं दुखतंय” तर तिनं पहिल्याच दिवशी माझ्याकडून शोधून घेतलं होतं: “वूर य्योर दे वुन्त?” अडली ती एकाच ठिकाणी. ताट पुढं करताना “घ्या” या अर्थानं ते लोक जे म्हणतात, त्याच्या शेवटच्या अक्षराचा मराठीत घाण असा अर्थ होतो, म्हणून ते मी इथं लिहिणार नाही. “जेवायला बसलेल्या माणसासमोर हे? मेले तरी बोलणार न्हाई.”

आणि मग दादाचा फोन आला: वहिनी आणि तिची आई यांना घेऊन तो चार दिवस लातूरला येतोय. आत्यानं घरभर फिरून चिकटपट्ट्या सोलल्या. “पाहुणे माझ्यापुढं मोकळं बोलू देत. पहिल्या तोंडून ऐकते सगळं.” मला घाम फुटला. तिला किती कळतं, हे फक्त मला माहीत होतं.

विहीणबाई उंच आणि हसऱ्या होत्या. चटईवर बसताना त्यांचे पाय कुठे ठेवावेत हे कुणालाच कळेना. माझ्याशी त्या इंग्रजीत बोलत, मी आत्याला मराठीत सांगे, आणि आत्या पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान हलवी. पहिले तीन दिवस नीट गेले. चौथ्या दिवशी दुपारी जेवायला बसलो आणि मला दिसलं, माठ कुणीतरी फिरवून ठेवला होता आणि त्याच्या मागची राहून गेलेली चिकटपट्टी पुढे आली होती. ‘वान’. म्हणजे पाणी. मी सरकत जाऊन माठाला टेकून बसले. “तिथं का बसलीस? ओल लागेल,” दादा म्हणाला. मी म्हटलं, गार वाटतं.

आत्या भाकरी वाढत होती. तेवढ्यात विहीणबाईंनी हसत हसत, पण हलक्या आवाजात, दादाला त्यांच्या भाषेत विचारलं, “तिला सांगितलंस का?”

“अजून नाही,” दादा ताटाकडे बघत म्हणाला.

“घर तर घेतलंत. कधी सांगणार?”

“फोनवर सांगेन. आम्ही परत येणार नाही, हे इथं बसून सांगवत नाही.”

मी आत्याच्या हाताकडे बघत होते. भाकरी दादाच्या ताटात नीट पडली. त्यावर चटणी पडली. मला वाटलं, कळलं नसेल. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टँकरचा हॉर्न वाजला.

टँकर म्हटलं की आत्या भर जेवणातून उठायची. एकदा तर बोलणाऱ्या तहसीलदारालाच ती अर्ध्या वाक्यात सोडून गेली होती. त्या दिवशी ती उठली नाही.

“आई, टँकर,” दादा म्हणाला. आत्या चटणीच्या वाटीत बघत बसली. मी माठ सोडू शकत नव्हते. शेवटी दादाच घागरी घेऊन पळाला, त्याच्यामागे वहिनी, आणि दोन्ही हातांत कळशा घेऊन विहीणबाईसुद्धा. बाहेर एकच गलका झाला. “अरे, मॅडमला पुढं जाऊ द्या!” “पुढं कशाला? तिच्या देशात पाणी कमी हाय का?”

घरात आम्ही दोघीच उरलो.

“ऐकलंस?” आत्यानं विचारलं.

“हो.”

“मला जे कळलं, ते बरोबर हाय का?” दुसऱ्याच्या तोंडून खात्री करून घेताना मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. “चुकलं असंल माझं. हवामानापुरतंच येतंय मला. सांग की चुकलं म्हणून.”

मला खोटं बोलता आलं असतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, पेशंटकडे बघावं तशी.

“बरोबर आहे, आत्या.”

तिनं पदरानं कपाळ पुसलं, माझ्या पाठीमागे हात घातला आणि माठावरची चिकटपट्टी सोलून काढली.

संध्याकाळी गाडी दारात लागली. दादा पाया पडला. आत्यानं त्याला उठवलं आणि त्याचा हात धरून विहीणबाईंसमोर नेऊन उभं केलं. मी मध्ये उभी राहणार, तर मला कोपरानं बाजूला सारलं. मग सावकाश, एकेक शब्द तोलून ती म्हणाली, “गुत्तन लीकर इक्के फिस्क.”

दादाचा चेहरा पांढरा पडला. दुपारचं जेवण त्याच्या डोळ्यांसमोरून पुन्हा गेलं असावं. “आई, तुला...”

“लहानपणापासून आवडत न्हाईत,” आत्या मराठीत म्हणाली. “त्यांना म्हाईत असायला पाहिजे. आता त्यांच्याकडंच जेवणार हायस.”

विहीणबाईंनी तिचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. मला काही भाषांतर करावं लागलं नाही.

गाडी गेल्यावर आत्या जिना चढून त्या बिनछताच्या खोलीत जाऊन बसली. मी तिच्यामागे गेले. काय बोलावं हे मला कधीच सुचत नाही. मराठीत तर ते शब्द माझ्या तोंडून निघालेच नसते. मी म्हटलं, “वूर य्योर दे वुन्त?”

“उच्चार कच्चा हाय तुझा,” ती म्हणाली. मग हात पुढं केला. “फोन दे. हवामान लाव.”

मी लावलं. दादाच्या गावाचं नाव आलं, पुढे आम्हा दोघींना पाठ असलेला शब्द आला. आत्यानं डोळे मिटले नाहीत. भिंतींच्या वर नुसतं कोरडं आभाळ होतं, तिकडे बघत ती म्हणाली, “तिकडं पाऊस लागलाय. पोरगं कधी छत्री नेत न्हाई.”