तांबड्या तांदळाची मूठ

"हात काढ! काढ म्हणते ना!"

पाळकीणबाई, आमच्या ख्रिस्ती देवळाच्या पाद्रीसाहेबांची बायको, एवढ्या जोरात ओरडल्या की पुरचुंडी माझ्या हातातून निसटली. अर्धा तांदूळ पिंपात, अर्धा ओट्यावर. मग त्या वाकल्या आणि पिंपातल्या पांढऱ्या तांदळावरून आमचा तांबडा तांदूळ ताटलीनं खरवडून काढला. त्यात थोडा पांढराही आला. आला तर आला. सगळा अंगणात भिरकावला. कोंबड्या धावल्या. देवळातून बाहेर पडलेली माणसं उभी राहून बघत होती. एक बाई हसली, तेवढं ऐकू आलं.

मी तेव्हा बारा वर्षांची. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. आमचं गाव मुरबाडच्या बाजूचं. आम्ही महारवाड्यातले, आजोबांच्या वेळेपासून ख्रिस्ती. बाप्तिस्म्यानं नाव बदललं, वाडा होता तिथंच राहिला.

आता ही पुरचुंडी कसली ते सांगते. आमच्यातल्या बायका रोज रांधायला बसल्या की आधी एक मूठ धान्य प्रभूच्या नावानं बाजूला काढायच्या. आठवड्याची मूठ रविवारी देवळात नेऊन द्यायची. त्यातून पाळकाचं घर चालायचं, आल्यागेल्याचं जेवण व्हायचं आणि कापणीच्या सणाला सगळ्या मंडळीचा भात शिजायचा. आमच्या घरी खायला रोज नाचणी. तांदूळ म्हणजे आईला भातकापणीच्या मजुरीत मिळायचा तेवढाच. तो ती उखळात कांडून जपून ठेवायची. आम्ही भाकर खायचो आणि तांदूळ प्रभूचा. भातासाठी आमचा जीव तुटायचा, पण आई म्हणायची, "त्याचं त्याला आदी."

मूठ न्यायचं काम आईचं. त्या रविवारी ती तापानं पडली होती म्हणून मी गेले. बाकीच्या बायका ओट्यावर चढून पिंपात ओतत होत्या, मीही चढले. मला काय ठाऊक, आमच्या वाड्यासाठी पायरीखाली पत्र्याचा डबा वेगळा ठेवलाय ते! आईनं कधी सांगितलंच नव्हतं.

घरी आल्यावर विचारलं, "आई, आपला डबा येगळा का गो?"

"पिंप भरलं आसंल."

"नव्हतं भरलं. मी बघितलं."

"तुला शिकायचंय ना? मग नको त्या चौकशा करू नको."

शिकायचं होतं, फार होतं. शाळा पाळकीणबाईच घ्यायच्या, देवळाच्या पडवीत. माझं दुसरं पुस्तक चालू होतं. जोडाक्षरं यायला लागली होती. आमच्या वाड्यातली एकही बाई तोवर वाचायला शिकलेली नव्हती. तेव्हा मी गप्प बसले. पण संशय गप्प बसतो होय?

शाळेआधी अंगण झाडायचं काम आमच्या वाड्यातल्या मुलींचं. झाडता झाडता माझी नजर त्या डब्यावर. मंगळवारी पाळकीणबाई आल्या, डबा उचलला आणि कोंबड्यांपुढं रिकामा केला. पुढच्या मंगळवारी तेच. त्याच्या पुढच्याही. म्हणजे त्या रविवारी काही विशेष घडलंच नव्हतं. आमची मूठ पहिल्यापासून कोंबड्यांचीच होती.

मग मला सगळंच संशयाचं दिसायला लागलं. पाळकसाहेब "लेकरा" म्हणून हात पुढं करायचे, तो डोक्याच्या वर वीतभर थांबायचा, टेकायचा नाही. आमची चटई दारापाशी, का तर म्हणे तिथं वारा लागतो. झाडू आमच्याच हातात का? एवढे दिवस मी हे प्रेम समजत होते.

आईला सांगितलं तर ती माझ्यावरच चिडली. "देवाच्या माणसांवर संशय घेतंस? जीभ झडंल!" तरी मंगळवारी मी तिला लाकडाच्या मोळीसकट देवळाच्या कुंपणापाशी उभी केली. तिनं बघितलं. मोळी खाली टाकली आणि सरळ पायरीपाशी गेली.

"बाय, ही आमची मूठ ना?"

पाळकीणबाई दचकल्या नाहीत. पदर सारखा केला आणि गोड आवाजात म्हणाल्या, "हे बघ, किन्हवलीचं ते शेतकरी घर नवीनच विश्वासात आलंय. चांगल्या घरातली माणसं ती. सणाच्या भातात तुमचा तांदूळ आहे असं कळलं तर उठून जातील. त्यांचा विश्वास कोवळा आहे. तुम्ही जुने. प्रभूचा शिष्य म्हटलं की सोसावं लागतं. प्रभूनं नाही का सोसलं?"

आई मान हलवत होती. खरं सांगते, डब्यापेक्षा मला त्या मान हलवण्याचाच राग आला. सोसायचं आम्ही, आणि पुण्य कोंबड्यांच्या मालकिणीला!

कापणीचा सण आला. अंगणात पंगत बसली, पुढं किन्हवलीची मंडळी, दारापाशी आम्ही. मी त्या आठवड्याची मूठ दिलीच नव्हती. अंगणाच्या मधोमध तीन दगड मांडले, घरचं मडकं चढवलं आणि आमचा तांबडा भात शिजवला. पाळकसाहेबांची प्रार्थना चालू होती तरी मी फुंकर मारत होते. भात झाला. मडकं उचलून मी किन्हवलीच्या बाईंपुढं उभी राहिले.

"मावशी, आमच्या घरचा हाय. खाल का? तुमी उठून जाल म्हनून आमचा तांदूळ कोंबड्यांना घालतात."

त्या बाईंचा घास हातातच राहिला. "आमाला कोनी इचारलं कवा?" त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं आपली पत्रावळ जवळ ओढून घेतली, बस. बाईंनी मान खाली घातली. भात काही घेतला नाही.

पाळकीणबाई उठून आल्या. "आत्ताच्या आत्ता माफी माग. नाहीतर उद्यापासून शाळेची पायरी चढायची नाही."

आई माझ्या हाताला धरून रडायला लागली. "माग गो बाय. एक शबुद टाक. शिकशील, मोठी होशील."

"कशाची मागू? काय केलं मी?"

मी मडकं घेऊन बाहेर पडले आणि वाड्यातल्या पोरींना वाढलं. तीन आल्या. बाकीच्यांना आयांनी येऊ दिलं नाही.

शाळा सुटली ती सुटलीच. पुढचं मी बाजारातून येणाऱ्या पुड्यांच्या कागदांवर वाचत शिकले. अजून माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतात. होऊ देत. आई शेवटपर्यंत म्हणायची, "तेव्हा वाकली आसतीस तर मास्तरीण झाली आसतीस." झाले असते. पाळकीणबाईंसारखी झाले असते, ही भीती मला तेव्हाही होती, आजही आहे.

येशूला मी सोडलं नाही. सोडू का? तो आमच्या आजोबांच्या हाताचं पाणी प्यायला असता, याची मला खात्री आहे. खात्री नाही ती त्याच्या माणसांची. म्हणून आज कोणी नवा पाळक माझ्या दारात आला, प्रार्थना करू या म्हणाला, तर मी बसायला पाट देते, पाणी देते, आणि विचारते, "तुमच्या घरात आत, ताटाला ताट लावून कोण कोण जेवतं? नावं सांगा."

नावं आल्याशिवाय मी आमेन म्हणत नाही.