मॉनिटरचे रंग जुळवताना

फोटोंवर काम करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे अधूनमधून मॉनिटरचे रंग जुळवावे लागतात. वाटीएवढं एक यंत्र त्याच्या काचेवर लटकवायचं आणि गप्प बसून राहायचं. काच लाल होते, हिरवी होते, निळी होते. शेजारच्या रिकाम्या खुर्चीवरही तो उजेड सरकत जातो. यंत्र मात्र निमूटपणे प्रत्येक रंगाची चूक मोजत असतं.

आज ते संपलं तेव्हा कळलं, की इतके दिवस ज्याला मी पांढरा म्हणत होतो तो चक्क निळसर होता. डोळा बिचारा कशालाही सरावतो. लेक परदेशी गेल्यापासून घरातल्या शांततेला कानही असाच सरावला असेल.

तेवढ्यात तिचाच व्हिडिओ कॉल आला.

"बाबा, असे पिवळे का दिसताय? जेवताय ना नीट?"

कोपऱ्यातल्या लहानशा चौकटीत मी स्वतःला पाहिलं. माझ्यामागची भिंत स्वच्छ पांढरी दिसत होती. पिवळा फक्त मी होतो.

"तुझा लॅपटॉपच रंग चुकीचे दाखवतोय गं," मी म्हटलं. "एकदा जुळवून घे."